फटीतून आत गेलेला फॉर्म

मुंगीला शेवटी ती शाळा सोडता आली नाही. सातवी तिथे, आठवी तिथे, नववी तिथे. दहावीच्या निरोपसमारंभात आभाराचं भाषणसुद्धा तिनेच केलं आणि त्यात झाडून सगळ्यांचे आभार मानले.

हे चुकून आधी सांगितलं गेलं. ते घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ. कारण त्या सोमवारी सकाळी मुंगी सुटणार याबद्दल तिच्या बाबांना तिळमात्र शंका नव्हती, आणि माणसं सोडवणं हा तर त्यांचा धंदाच होता.

बाबा लिफ्टवाले. बसवणारे नव्हेत, अडकलेल्यांना बाहेर काढणारे. फोन आला की ते गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत जात, मेन स्विच बंद करत, ब्रेक हाताने सोडून लिफ्ट इंचाइंचाने मजल्यावर आणत. त्याआधी खाली तोंड करून ओरडत, "घाबरू नका! दार आपलं आपण उघडू नका! हवा भरपूर आहे!" वीस वर्षांत त्यांनी चारशेवर माणसं सोडवली होती. एका गृहस्थाला तर तीनदा, आणि तिसऱ्या वेळी तो आतून म्हणाला होता, "सावकाश येऊ द्या, बायको बाहेर उभी आहे ना?"

मुंगीची शाळा मात्र एकमजली होती. तिथे लिफ्ट नव्हती. बाबांची विद्या फाटकापाशीच संपत होती.

पाच खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्याच्या टोकाला एक दार, आणि दार उघडलं की थेट चर्च. मुख्याध्यापिका सिस्टर विज्ञान, गायन आणि कवायत हे तीन विषय शिकवत. कधीकधी एकाच तासाला. शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. त्याची खालची काच कुणीतरी फार पूर्वी हरवली होती. मुलं रांगेने येऊन नळीला डोळा लावत आणि सिस्टर शेजारी उभ्या राहून सांगत, "पेशी दिसते का? नाही दिसली तरी ती आहे. श्रद्धेने बघ." आठ मुलांना पेशी दिसे. मुंगीला अंधार दिसे, आणि ती वहीत अंधाराचं चित्र काढून खाली 'अंधार' असं लिही. त्यासाठी तिला दहापैकी दोन गुण मिळत, तेही सुबक रेखाटनाचे.

आठ आणि एक नऊ. सातवीत एकूण नऊ मुलं, आणि सगळी मेख या नऊमध्येच होती. शिक्षण खात्याचा नियम असा की वर्गात नवाच्या खाली मुलं गेली की वर्ग बंद. त्यामुळे या नऊ मुलांना गावात जो मान होता तो महापौरांनाही नव्हता. मुंगी शिंकली की आठ घरांत थर्मामीटर निघत. पूर्वी वर्गात दहा होते. दहावा मुलगा बेकरीवाल्याचा. ते कुटुंब दुसऱ्या शहरात गेलं, आणि तेव्हापासून रविवारच्या मिस्सात 'आपल्यातून निघून गेलेल्यांसाठी' प्रार्थना होते तेव्हा त्या धडधाकट बेकरीवाल्याचंही नाव घेतलं जातं.

अशा शाळेतून मुंगीला बाहेर पडायचं होतं. शहराच्या पलीकडच्या टोकाला मोठी शाळा होती. तिथे म्हणे प्रत्येक मुलाला आपापला सूक्ष्मदर्शक, सगळ्या काचांसकट. मुंगी तिथे परीक्षा देऊन आली आणि चक्क चौथी आली. त्या दिवशी ती कुठे गेली होती, तर दाताच्या डॉक्टरकडे, असं आत्याला सांगितलं होतं. तेव्हापासून आत्या रोज मुंगीच्या दाताची चौकशी करत होती.

आत्याची इथेच ओळख करून दिलेली बरी, कारण तिला टाळून या गोष्टीत कुठेच जाता येत नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, त्यांची ताई. ताई शाळेची क्लार्क. शाळेच्या ऑफिसातून चर्चचंही ऑफिस चाले. टेलिफोन ताईच्या टेबलावर, शिक्के ताईच्या खणात, टपाल ताईच्या हातात. आणि त्या नऊ मुलांपैकी एक ताईचा मुलगा. वर्ग बंद पडला तर त्याला पाच थांबे लांब सरकारी शाळेत जावं लागणार, आणि बसमध्ये बसलं की तो अर्ध्या थांब्यात ओकतो.

मोठ्या शाळेकडून फॉर्म आला. एकच पान. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'दुसरी प्रत मिळणार नाही.' खाली बारीक अक्षरांत पुन्हा तेच, आणि मागच्या बाजूला, न जाणो कोणी तिथूनच वाचायला सुरुवात केली तर म्हणून, तिसऱ्यांदा. शुक्रवारी दुपारी चारच्या आत फॉर्म भरून द्यायचा, नाहीतर जागा पाचव्या नंबरच्या मुलीला. फॉर्मवर सध्याच्या शाळेच्या व्यवस्थापकांची सही हवी. व्यवस्थापक म्हणजे फादर.

"मग फादरांना जाऊन भेटा," मुंगीची आई म्हणाली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. दिवसाला तीनशे चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला जगातली कुठलीही गोष्ट चार हिसक्यांत उरकते असं वाटणं साहजिक आहे.

"भेटा काय! ताईच्या टेबलासमोरून जावं लागतं."

"तुमची बहीण आहे, वाघ नाही."

"वाघ दाताची चौकशी करत नाही."

"बाबा," मुंगी म्हणाली, "आत्याला कळलं तर काय होईल?"

"काही नाही होणार. रागावणार नाही, ओरडणार नाही. रडेल. मग सिस्टर रडतील. मग आठ घरची माणसं आपल्याकडे येऊन गोड बोलतील. अगं, बेकरीवाल्याला नाही म्हणायला जमलं, कारण तो पहाटेच निघून गेला."

"पण सही झाली की मग कळलं तरी चालेल?"

"सही झाली की ब्रह्मदेव आला तरी चालेल." आईने वर भिंतीवरच्या क्रूसाकडे बघितलं. "म्हणजे, कोणीही," बाबा म्हणाले.

सोमवारी ते फॉर्म खिशात घालून शाळेत गेले.

"छोट्या!" ताई टेबलामागून म्हणाली. बाबा सत्तेचाळीस वर्षांचे होते. "बरा आलास. काय काम काढलंस?"

"फादरांशी जरा..."

"मला सांग ना, मी सांगते त्यांना. ते आत जेवतायत. मुंगीचा दात कसा आहे?"

"ठणकतोय."

"अजून? काढून टाका म्हणावं. आणि हे बघ, घंटा अडकलीय, तेवढी बघतोस?"

बाबांनी घंटा दुरुस्त केली. मंगळवारी पुन्हा गेले आणि येताना पालक समितीचे सहचिटणीस होऊन आले. बुधवारी त्यांनी फोन केला. पलीकडून ताई म्हणाली, "बोल छोट्या." त्यांनी काही न बोलता ठेवला, आणि ताईने लगेच उलट फोन करून लाइन कट झाली का विचारलं. संध्याकाळच्या मिस्सानंतर त्यांनी फादरांना दारात गाठायचं ठरवलं, तर फादरांच्या एका हाताला सिस्टर, दुसऱ्या हाताला सातवीच्या चार आया, आणि विषय एकच, आपली नऊ लेकरं कशी गुणी आहेत. एका आईने बाबांचा हात धरून सांगितलं, "तुमची मुंगी आहे म्हणून आमचा वर्ग आहे हो!" बाबा हसले. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दाराच्या फटीतून बाहेरच्यांकडे बघून असंच हसतात.

"नाकी नऊ आले," रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले, आणि नऊ म्हटल्यावर तिघंही गप्प झाली.

मग आईनेच सुचवलं. पुढे जे झालं त्यावरून तिला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या क्षणी ती कल्पना तिघांनाही नामी वाटली होती.

"अख्ख्या आवारात एकच जागा आहे," ती म्हणाली, "जिथे फादर एकटे असतात, समोर तुम्ही एकटे असता, आणि ताई काय, सिस्टर काय, कोणी कान लावू शकत नाही."

"कुठली?"

"कन्फेशनची पेटी."

बाबांनी घास खाली ठेवला. उद्या गुरुवारच होता. गुरुवारी दुपारी शाळेच्या मुलांची कन्फेशनं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, असतात, आणि मुलं संपली की मोठ्यांनाही जाता येतं.

गुरुवारी दोन लिफ्टचे कॉल सोडून बाबा चर्चमध्ये आले. मुलांची रांग सरत आली होती. या शाळेची एक पद्धत होती. मुलं ऐनवेळी पापं विसरतात, म्हणून ती चिठ्ठीवर लिहून आणायची. पेटीच्या आत, फादर आणि पाप करणारा यांच्यामध्ये जी लाकडी जाळी असते, तिच्या खाली बोटभर फट ठेवलेली होती. चिठ्ठी वाचून झाली की फटीतून फादरांकडे सरकवायची. फादर ती न वाचता ठेवून घेत आणि सगळं आटोपल्यावर मागच्या खोलीत एका बिस्किटांच्या डब्यात जाळून टाकत. केलेली पापं कागदावरही उरू नयेत, हा हेतू. बाबा याच शाळेत शिकलेले. त्यांनी स्वतः त्या फटीतून दहा वर्षं चिठ्ठ्या सरकवल्या होत्या. हे त्यांना आठवायला हवं होतं.

ते आत गेले, गुडघे टेकले.

"फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. मागच्या कन्फेशनला चौदा महिने झाले."

"बोल, बाळा."

थेट कामाचं बोलणं बरं दिसेना. आधी एखाद-दुसरं पाप सांगावं म्हणून त्यांनी आठवायला सुरुवात केली. "फादर, लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी सांगतो की पाच मिनिटांत काढतो. लागतो पाऊण तास."

"किती वेळा?"

"रोज."

"हं. आणखी?"

"आणखी, म्हणजे, एक कागद आहे." त्यांनी फॉर्मची गुंडाळी करून फटीतून सरकवली. पलीकडे ती कोणीतरी घेतली. "त्याच्यावर..."

"त्याच्यावर जे आहे ते देवाने वाचलं. मी वाचत नाही."

"तुम्ही वाचलंत तर बरं होईल, फादर."

"लाजू नको. मोठ्या माणसांचे कागद मोठेच असतात."

"मुलगी जायचं म्हणतेय, फादर. दुसऱ्या शाळेत. तुमच्या हातात आहे सगळं."

मग फादर हळू आवाजात म्हणाले, "ऐकलं मी. तीन प्रार्थना म्हण. आणि घाबरू नको."

वीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य स्वतःला ऐकायला मिळालं तेव्हा बाबांचा ऊर भरून आला. शिक्षाही किती हलकी! ते बाहेर आले, शेवटच्या बाकावर बसले, तीन प्रार्थना म्हणाले, वर दोन जास्तीच्या म्हणाले, आणि सही झालेल्या फॉर्मची वाट बघू लागले.

फादर पेटीतून निघाले. दोन्ही हातांत चिठ्ठ्यांचा ढीग. बाबांकडे न बघता मागच्या खोलीत गेले. बाबांना वाटलं, पेन आणायला गेले असतील.

मग वास आला.

ते धावले तेव्हा बिस्किटांच्या डब्यात फॉर्मचा एक कोपरा तेवढा उरला होता. त्यावर 'दुसरी प्रत मि' एवढं वाचता येत होतं. तेही बघताबघता काळं पडलं.

"फादर! माझा फॉर्म!"

फादर सत्तरीचे. साठीनंतर माणसाचा चेहरा काही लपवू शकत नाही म्हणतात, पण फादरांनी पन्नास वर्षं कन्फेशनं ऐकली होती, आणि पेटीत ऐकलेलं बाहेर काढायचं नाही हा चर्चचा नियम एकदाही मोडला नव्हता. त्यांचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा झाला.

"कुठला फॉर्म?"

"आत्ता दिला तो! पेटीत!"

"पेटीत काही झालं की नाही, मला माहीत नाही. तू आत आला होतास की नाही, हेही मला माहीत नाही."

"फादर, मी स्वतः सांगतोय, मी आलो होतो!"

"ते तू सांगतोयस. मी काही ऐकलेलं नाही."

"मी तुम्हाला मोकळीक देतो. बोला तुम्ही."

"कशाबद्दल?"

"फॉर्मबद्दल!"

"बाळा," फादर डब्याचं झाकण लावत म्हणाले, "असल्या गोष्टीसाठी माणसं तुरुंगात गेलीत, पण बोलली नाहीत. मी काय त्यांच्याहून मोठा लागून गेलो? शाळेचं काही काम असेल तर ऑफिसातून ये. टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदावर मी सही करतो. आजवर एकही नाकारलेला नाही."

बाबा डब्याकडे बघत राहिले. म्हणजे ताईच्या टेबलावरून सरळ आला असता तर तो कागद सही होऊन परत आला असता. रडारड झाली असती, आठ घरची माणसं गोड बोलायला आली असती, मिस्सात मुंगीचं नाव घेतलं गेलं असतं. पण मुंगी गेली असती.

शुक्रवारी सकाळी ते मोठ्या शाळेच्या खिडकीपाशी उभे होते. आतल्या क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. "जळला? कोणी जाळला?"

"ते सांगता येत नाही."

"पालकांच्या हातून गेला तर नवा मिळत नाही. त्रयस्थ व्यक्तीच्या हातून नष्ट झाला असेल तर त्या व्यक्तीचं पत्र आणा. कधी, कुठे, कशामुळे. खाली सही."

"ती व्यक्ती म्हणते, तिला काही माहीत नाही."

"मग तिच्या हातून झालं कशावरून?"

"मी बघितलंय."

"तुम्ही पालक. तुमचं धरत नाहीत." आणि क्लार्क मायाळूपणे पुढे म्हणाला, "चारपर्यंत वेळ आहे. घाबरू नका."

चार वाजले तेव्हा बाबा एका गच्चीवर होते. खाली तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये एक म्हातारी अडकली होती. त्यांनी ब्रेक सोडला, लिफ्ट खाली आणली, दार उघडलं. म्हातारी म्हणाली, "पाच मिनिटं म्हणाला होतास." बाबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा.

घरी मुंगी दप्तर न उतरवता दारात उभी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, डब्यासकट. ती रडली नाही. रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे फादरांना माहीत आहे, मला जायचं होतं?"

"माहीत आहे. पण नाही."

"आणि आत्याला?"

"तिला काहीच माहीत नाही. कुणालाच नाही. सगळं होतं तसंच आहे."

"होतं तसंच," मुंगी म्हणाली, आणि मग तिने दप्तर उतरवून खुंटीला अडकवलं.

सोमवारी तिने ताईला सांगितलं की दात बरा झाला. ताईने तिला जवळ घेतलं आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, आमची मुंगी! दुखणंसुद्धा शाळा न बुडवता काढते." त्या आठवड्यात तिला वर्गाची मॉनिटर केलं. गायनात पहिली ओळ दिली. सूक्ष्मदर्शक झाकून ठेवायचं कापड धुवायला तिच्याकडे आलं, आणि हा मान होता.

गुरुवारी ती कन्फेशनला गेली. जेवताना तिने ते बाबांना सांगितलं. आपलं आपण सांगायला बंदी नसते.

"मी म्हटलं, मला एका माणसाचा फार राग आलाय. त्याने माझा एक कागद जाळला."

बाबांचा घास हातातच राहिला. "मग?"

"खूप वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, त्या माणसालाही झोप येत नसेल."

"आणि?"

"दोन प्रार्थना. मी म्हटल्या. राग तसाच आहे." ती पाणी प्यायली. "पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगणार. दर गुरुवारी सांगणार. ते उठून जाऊ शकत नाहीत ना?"

"नाही."

"मग ठीक आहे."

आई घडी घालत होती. हातात चादर नव्हती, जेवणाच्या टेबलावरचं कापड होतं, आणि त्यावर अजून ताटं होती. "काहीतरी करा हो," ती म्हणाली. "कुठेतरी लिहा."

बाबांनी चौकशी केली. फादरांच्या वर बिशप. बिशपांकडे अर्ज करता येतो. मात्र तो स्थानिक चर्चच्या ऑफिसामार्फतच गेला पाहिजे, परस्पर आलेले अर्ज विचारात घेतले जात नाहीत. बाबांनी तो परस्परच पाठवला. दोन कच्च्या प्रती फाडल्यावर पक्की प्रत झाली ती अशी:

प्रति, माननीय बिशप महोदय यांच्या सेवेशी.

विषय: पापनिवेदन परत मिळण्याबाबत.

महोदय, खाली सही करणार लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो व गेली चाळीस वर्षं आपल्याच चर्चमध्ये येतो. गेल्या महिन्यात, गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास मी कन्फेशन केलं. ते करताना माझ्या मनात पश्चात्ताप नव्हता, फक्त काम होतं. तेव्हा ते मुळात कन्फेशनच नव्हतं असं माझं नम्र म्हणणं आहे. तरी सदर कन्फेशन रद्द करून, त्यात मला मिळालेली क्षमा परत घ्यावी. सांगितलेली पापं होती तशी माझ्या नावावर पुन्हा चढवावीत. म्हटलेल्या पाच प्रार्थना (तीन सांगितलेल्या, दोन जादा) जमा धरू नयेत. संबंधित फादरांना जे माहीत आहे ते माहीत असण्याची लेखी परवानगी द्यावी. आणि माझ्या मुलीच्या सोयीसाठी त्या आठवड्यातला शुक्रवार, दुपारी चारच्या आधीचा, दोन्ही शाळांना लागू होईल अशा बेताने, एकदाच, पुन्हा घेण्यात यावा, ही विनंती.